रेट्रो सुपरहिरो फिगर : कार्डावर ठेवायच्या की फोडायच्या? (पुण्याचा पावसाळा धरून सांगा)

सिंहगडरोडकर
मृग आठवड्यावर आला, म्हणून घाईने धागा काढतोय. ऐवज असा: मॅकफार्लेन कंपनीच्या नव्या सुपर पॉवर्स मालिकेतल्या साडेचार इंची सहा फिगर (खेळण्यातल्या बाहुल्या), हॅसब्रोच्या रेट्रो मार्व्हलमधल्या पावणेचार इंची चार आणि मेगो कंपनीचा कापडी पोशाखातला आठ इंची बॅटमन. मेगो मोकळा आहे, बाकी दहाही मूळ पुठ्ठ्याच्या कार्डावर, फिगरवरचा पारदर्शक प्लास्टिकचा बबल शाबूत. जागा म्हणजे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं प्लायचं कपाट. काचेची सरकती दारं, तीन फूट रुंद, सहा फूट उंच, एक फूट खोल.

प्रश्न एकच. कार्डं तशीच ठेवायची की फोडून फिगर मांडायच्या? पैशाचा हिशोब नको, विकायच्या नाहीत. टिकायला काय बरं ते सांगा.

कार्डबॅक
फोडू नका. रेट्रो फिगरमध्ये कार्ड हा अर्धा ऐवज असतो. बाहुली मुद्दाम साधी असते: हॅसब्रोच्या पावणेचार इंचीला मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच पाच सांधे. सगळी शोभा चित्राची. १९८४ च्या केनर कंपनीच्या मूळ सुपर पॉवर्सच्या वेष्टनावर होसे लुइस गार्सिया-लोपेझची चित्रं होती, डीसी कॉमिक्सच्या १९८२ च्या स्टाइल गाइडमधली (पात्रं कशी काढायची त्याची नमुनावही). नव्या मालिकेची सगळी ऐट त्या मांडणीवर उभी आहे. चित्र फाडून बाहुली ठेवायची म्हणजे श्रीखंड टाकून चक्का खायचा.

मिसळमॅन
पाच सांधे म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमनपेक्षा दोन जास्त.

तुळशीबाग_ते_गॉथम
कार्डबॅक, तुमची उपमा उलटी पडली. श्रीखंड हे चक्क्यापासूनच होतं.

बाकी मुद्दा अर्धाच पटला. मूळ केनर फिगरची गंमत कार्डात नव्हती, यंत्रात होती. सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारायचे, फ्लॅशचे हात दाबले की पाय पळायचे. मॅकफार्लेनने चेहरा, रंग, कापडी केप आणलं आणि नेमकी ती दाबायची करामत गाळली. त्यामुळे नवी फोडून हातात घेतल्यावर विशेष काही घडत नाही. जुनी फोडली तर निदान ठोसा तरी बसतो.

सिंहगडरोडकर
म्हणजे नव्या कार्डावर, जुन्या मोकळ्या? जुनी एकही नाही माझ्याकडे.

कार्डबॅक
जुन्यांच्या नादी लागणार असाल तर आधी यादी पाठ करा. १९८४ मध्ये बारा आल्या, १९८५ मध्ये अकरा, १९८६ मध्ये दहा. वर टपालाने मागवायचा क्लार्क केंट. एकूण चौतीस. दुसऱ्या, म्हणजे १९८५ च्या, फळीत खलनायक डार्कसाइड आणि त्याची पलटण आली. त्या पात्रांचे पोशाख जॅक कर्बीने या खेळण्यांसाठी नव्याने आखले आणि त्याचं मानधन त्याला मिळालं. शेवटच्या फळीतला सायबॉर्ग चांगल्या स्थितीत मिळणं अवघड. त्याचा चकाकता मुलामा वाफेने बसवलेला पातळ थर असतो, बोटांच्या घामाने उडतो आणि स्पिरिटचा बोळा लावलात तर एका पुसण्यात खालचं प्लास्टिक दिसतं.

ओलावा_शत्रू
मूळ प्रश्नाकडे. आधी कपाट हलवा, कार्डाचं नंतर बोलू.

पुण्यात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे झोडपून निघते ती पश्चिमेची भिंत. तिला टेकलेल्या प्लायच्या पाठीतून ओल आत येते. निदान चार इंच मोकळी जागा ठेवा, आतली भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आता कार्डं का बिघडतात ते. कार्डाची पुढची बाजू छपाईने आणि लेपाने बंद असते, मागची त्या मानाने उघडी. मागून ओल शिरते, पुठ्ठा एका अंगाने फुगतो आणि धनुष्यासारखा वाकतो. बबलचं प्लास्टिक काही फुगत नाही, त्यामुळे ताण येतो तो जोडावर. बबल गरम दाबाने चिकटवलेला असतो, तो कोपऱ्यापासून उचलायला लागतो. एकदा एक कोपरा सुटला की आत धूळ, कसर, सगळं येतं. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लेप वितळतो आणि बबल आक्रसतो.

कार्डं खिळ्याला भोकातून टांगू नका. ओलसर पुठ्ठ्याचं भोक वजनाने फाटतं. उभी करून, खालच्या कडेवर, आधार देऊन.

गणिती_बाजीराव
ओल शोषणारं सिलिका जेल किती लागतं यावर दर पावसाळ्यात वाद होतो, म्हणून हिशोबच मांडतो.

कपाट १८ घनफूट, म्हणजे अर्धा घनमीटर. २८ अंशाला हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाणी मावतं. ८५ टक्के आर्द्रतेला २३ ग्रॅम, ५० टक्क्यांना साडेतेरा. फरक साडेनऊ, अर्ध्या घनमीटरला पाच ग्रॅम. जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी सहज धरतं. म्हणजे कागदावर २५ ग्रॅम पुरे.

प्रत्यक्षात नाही पुरत, कारण पाणी फक्त हवेत नसतं. प्लाय आणि पुठ्ठा हवेच्या कित्येक पट पाणी धरून बसलेले असतात. शिवाय सरकत्या काचांच्या मधली फट. म्हणून ५०० ग्रॅम घ्या, २५० च्या दोन सुती पुरचुंड्या करा, एक तळाला आणि एक मधल्या फळीवर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला. २५० ची २९० झाली की बदला. ओल धरल्यावर बदलणारा जेलचा रंग बघत बसण्यापेक्षा काटा खरं सांगतो.

काचांच्या मधल्या फटीला फोमची चिकटपट्टी लावा. ती नसेल तर तुम्ही अख्ख्या सिंहगड रोडची हवा कोरडी करत बसाल.

सोनचाफा
पुन्हा वापरायला तापवायचं कसं? कढईत भाजलं तर चालतं का?

गणिती_बाजीराव
सोनचाफाताई, कढईत खालचे दाणे तडतडून फुटतात आणि वरचे ओलेच राहतात. ओव्हनमध्ये ताटलीत एक थर पसरून ११० ते १२० अंशाला दोन तास. त्यापुढे नेलं तर नारिंगी खूण काळपटते आणि पुढच्या वेळी काही कळत नाही. निळं जेल घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते अन्नाच्या आसपास नको. ताटली एकदा या कामाला लावली की पुन्हा स्वयंपाकात आणायची नाही.

मिसळमॅन
आणि डब्यावर नाव लिहा. साबुदाणा समजून कुणी भिजवला तर उपास चांगलाच कडक होईल.

पीव्हीसी_पुराण
सगळे कपाट बंद करा म्हणताय, तर उलट बाजू मांडतो. फिगरचं डोकं, हात, केप हे मऊ पीव्हीसीचं असतं. मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहतो. बंद जागेत, त्यात एप्रिलची गरमी, की बाहेर आलेला अंश उडून न जाता तिथेच बसतो आणि फिगर गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. मग धूळ बसते, ती निघत नाही. मोकळ्या फिगर हवाबंद ठेवू नयेत हे माझं स्पष्ट मत आहे.

चिकट झालीच तर कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि रात्रभर पंख्याखाली. पावडर लावून चिकटपणा फक्त झाकला जातो. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने एबीएस या कडक प्लास्टिकचं धड विरघळतं. पांढऱ्या खरखरीत स्पंजने डाग निघतो हे खरं, पण सोबत भुवयाही जातात.

ओलावा_शत्रू
पुराणिकबुवा, म्हणजे उघडं ठेवून बुरशी येऊ द्यायची?

पीव्हीसी_पुराण
बुरशी पुठ्ठ्यावर आणि कापडावर येते, प्लास्टिकवर क्वचित, तीही धूळ-तेल असेल तर. म्हणून दोन वेगळे न्याय लावा. कार्डावरच्या फिगर कोरड्या बंद जागी, कारण तिथे जपायचं आहे ते पुठ्ठा. मोकळ्या फिगर हवेशीर जागी, कारण तिथे जपायचं आहे ते प्लास्टिक. एका कपाटात दोन्ही कोंबले की दोन्ही बिघडणार.

ओलावा_शत्रू
हे मान्य. एवढं सरळ आधी लिहिलं असतं तर वाद झाला नसता.

मिसळमॅन
वाद झाला नसता तर धागा पुण्याचा कसा म्हणायचा?

अप्पा_बळवंत_चौक
कपाटात डांबरगोळ्या टाकायचा मोह होईल, कसर लागते म्हणून. टाकू नका! नॅफ्थलिनच्या वाफेने पॉलिस्टायरिनसारखी प्लास्टिकं मऊ पडतात, गोळीला चिकटलेला भाग तर अक्षरशः खड्डा होऊन निघतो. कापूरही नको.

कार्डासाठी कडक पेट प्लास्टिकची पारदर्शक पेटी घ्या, ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाडीची. पावणेचार इंचीची कार्डं बहुधा सहा बाय नऊ इंच असतात. सुपर पॉवर्सचं माप वेगळं, पट्टी लावून मगच मागवा. मऊ, लवचीक, वास येणारी प्लास्टिकची पिशवी घेतलीत तर तिचाच प्लास्टिसायझर छपाईला चिकटेल. पिशवी उघडल्यावर रेनकोटचा वास आला की ती परत करा. तयार पेटी महाग वाटली तर घराच्या पाट्या करणाऱ्यांकडून तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकची पेटी लेझरवर कापून मिळते. फक्त आतल्या मापात प्रत्येक बाजूला तीन-चार मिलिमीटर सैल सोडायला सांगा, नाहीतर कार्ड घालतानाच कोपरे दुमडतात.

कार्डबॅक
+१. आणि ऊन. खिडकीची काच काही प्रकारचे अतिनील किरण अडवते, सगळे नाही. आधी उडतो तो लाल. सुपरमॅनच्या कार्डावरचा लाल गुलाबी झाला की ते पुन्हा होणे नाही.

खडकी_एक्सप्रेस
कार्डावरच्या किमतीच्या स्टिकरचं काय करायचं? आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-साल लिहिणं वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे, ते समजू शकतो. पण लावणारा माणूस ते नेमकं नायकाच्या तोंडावर लावतो.

अप्पा_बळवंत_चौक
हेअर ड्रायर कमी गरमीवर, सहा इंच लांबून, वीस-तीस सेकंद. मग नखाने कोपरा उचलायचा आणि स्टिकर वर न ओढता कार्डाला समांतर, जवळजवळ स्वतःवरच दुमडून, सावकाश ओढायचा. वर ओढलात की छपाईची साल निघते. अडकला तर थांबून पुन्हा गरम करा. मागे राहिलेला डिंक दुसऱ्या चिकटपट्टीने टिपून काढायचा. बबलवरचा असेल तर लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब कापसावर घेऊन चालतो, पुठ्ठ्यावर नाही, डाग राहतो. आणि अर्थात ड्रायर बंद केल्यावरच.

तुळशीबाग_ते_गॉथम
स्टिकर आहे म्हणजे माल रीतसर आलाय याचं समाधान माना. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं. बाहेरून एकटी-दुकटी मागवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शुल्क फक्त फिगरच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून जी बेरीज होते तिच्यावर लागतं. दहा डॉलरची बाहुली आणि पंचवीस डॉलर टपाल असेल तर हिशोब पस्तीसवर. म्हणून एक-एक मागवणं सगळ्यात महाग. दुसरं, दर त्या दिवशीचा बघून घ्या, मागच्या वर्षीच्या धाग्यातला नाही.

जुना_बाजार_नियमित
बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हात घालणाऱ्यांसाठी थोडं. पायावर किंवा पाठीवर कोरलेलं साल हे कॉपीराइटचं असतं, बनवल्याचं नाही. १९८४ दिसलं म्हणून १९८४ चा माल होत नाही. नकली ओळखायची तर साल सोडा, कडा बघा. साच्यातून साचा काढला की वस्तू किंचित लहान होते आणि बारकावे गोल होतात: नाक, बोटांमधल्या फटी, छातीवरच्या चिन्हाची कड. अस्सल फिगर शेजारी धरली की अर्धा-एक मिलिमीटरचा फरक उंचीत दिसतो. कोरलेली अक्षरं पुसट किंवा खरवडलेली असली तर हात झटका.

वेताळपुत्र
अवांतर: सगळे मार्व्हल-डीसी करताय, वेताळाला (फँटमला) विसरलात. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होतं, मराठीतही. वेताळाचं डेंकालीचं जंगल इथल्या पिढ्यांना बॅटमनच्या गॉथमच्या आधी ठाऊक. गलूब कंपनीने डिफेंडर्स ऑफ द अर्थ या कार्टून मालिकेच्या फिगर १९८० च्या दशकात काढल्या, त्यात वेताळ, मँड्रेक, लोथार, फ्लॅश गॉर्डन, मिंग. अलीकडे नेका कंपनीने तीच मंडळी सात इंचांत आणली.

मिसळमॅन
वेताळ कपाटात नाही, कवटीच्या गुहेत ठेवायचा. तिथली आर्द्रता किती, गणिती?

गणिती_बाजीराव
धबधब्यामागची गुहा, ९५ च्या खाली नसणार. एकवीस पिढ्या बुरशी न येता टिकल्या, याचा अर्थ ते कार्डावर नव्हते.

जुना_बाजार_नियमित
अवांतरात भर. इथल्या माळ्यांवरून निघतात ते बहुतेक फनस्कूलचे जी. आय. जो, सुपरहिरो नव्हेत, पण दुरुस्ती शिकायला उत्तम. कंबर लोंबत असेल तर आतली रबरी ओ-रिंग गेलेली असते. पाठीचा एक स्क्रू काढला की धड उघडतं. जुनी रिंग, तुटकी का असेना, बरोबर नेऊन बोहरी आळीत जाडी जुळवून घ्या. जाड बसवली तर धडाचे दोन भाग मिटत नाहीत आणि स्क्रू आवळताना प्लास्टिक चिरतं. बंदूक देण्याआधी हात कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरा. न धरता दिलीत की अंगठा तुटतो, एकलव्य करून ठेवाल.

सोनचाफा
दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर: उभ्या फिगर काही महिन्यांत पुढे झुकतात. उपाय?

पीव्हीसी_पुराण
घोटा मऊ, वजन वर, आणि आपला एप्रिल. पाणी उकळून पाच मिनिटं ठेवा, ७५-८० अंशावर येईल. फक्त पाय बुडवा, तीस-चाळीस सेकंद. बाहेर काढून सरळ धरा आणि तसंच धरून बर्फाच्या पाण्यात एक मिनिट. गार व्हायच्या आत सोडलंत तर पुन्हा झुकते, प्लास्टिकला जुना बाक आठवतो. केप आधी काढायची. दाबायची यंत्रणा असलेली जुनी केनर धडापर्यंत बुडवू नका, आत गेलेलं पाणी निघत नाही.

ढिला सांधा असेल तर खुंटीवर फेविकॉलचा पातळ थर, पूर्ण वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी हलवत राहायचं. फेविक्विकने पकड जास्त येते, पण क्षणभर हात थांबला तर सांधा कायमचा ध्यानस्थ. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी खपली धरते, पारदर्शक भागावर तर लगेच दिसते.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली. ठरवलंय ते असं: कपाट आतल्या भिंतीला, फटींना फोम, ५०० ग्रॅम जेल, आठ कार्डं पेटीत घालून आत. सुपर पॉवर्सचा सुपरमॅन आणि मार्व्हलचा एक, एवढेच दोन फोडणार आणि मेगोबरोबर उघड्या फळीवर मांडणार. पण कार्ड फेकायचं नाही. कसं फोडू? कात्रीने चालेल?

कार्डबॅक
कात्री नको! दोन फोडणार हे वाचूनच पाणी प्यायलो.

नऊ मिलिमीटरचा कटर, नवं पातं, पहिलं टोक मोडून. कार्ड सपाट काचेवर चित्र वर करून. बबलच्या खालच्या बाजूला, पुठ्ठ्याला चिकटलेल्या कडेच्या दोन मिलिमीटर वर, उभ्या भिंतीत काप घ्यायचा, पुठ्ठ्यावर कधीच नाही. पातं जवळजवळ आडवं, एका दमात न कापता चार-पाच हलके फेरे. जोर लावला की पातं निसटून चित्रावरून जातं, बहुतेक कार्डं तिथेच मरतात. खालची आणि दोन्ही बाजूंच्या कडा कापा, वरची ठेवा, ती बिजागरी. झाकण उचलून आतला ट्रे सरकवून काढा. फिगर बांधलेली असेल तर बांधणी मागून कापा, पुढून ओढलीत तर मनगटाचा रंग जातो. नंतर ट्रे परत आत सरकवून कार्ड पेटीत ठेवलं की समोरून काप दिसत नाही. सेलोटेप लावू नका, दोन वर्षांत पिवळी पडून डिंक सोडते.

सिंहगडरोडकर
सुपरमॅनची केप कापडी आहे. अंगावरच राहू दे ना?

पीव्हीसी_पुराण
मांडलेला असेपर्यंत राहू दे. पण लाल कापड निळ्या मऊ प्लास्टिकला महिनोन्महिने दमट हवेत टेकून राहिलं की रंग उतरतो आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला रंग धुऊन जात नाही. जून ते सप्टेंबर केप काढून वेगळी ठेवा, किंवा मध्ये पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवा, ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या शीटचा चालतो.

आणि मेगोचे बूट-हातमोजे मऊ व्हिनाइलचे असतील तर तेही काढून ठेवा. आतलं अंग कडक प्लास्टिकचं, मऊ व्हिनाइल त्याला चिकटून खाऊ लागतं.

मिसळमॅन
म्हणजे चार महिने सुपरमॅन केपशिवाय आणि बॅटमन अनवाणी.

सोनचाफा
वारीचे दिवसच आहेत, अनवाणी शोभेल.